पाचाला सहा, दहाला अकरा

ठिणगीला कुणी विचारलं असतं, की बाई, तुझ्या डोक्यावर एकूण देणं किती, तर तिनं आधी केस मागं सारले असते, "असेल काहीतरी" म्हटलं असतं आणि बघता बघता विषय विचारणाऱ्याच्या दातांवर नेला असता. दातांतलं तिला कळायचं. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांना दात बनवून देणाऱ्या लॅबमध्ये ती पाच वर्षं कामाला होती आणि तिच्या हातचा दात ओळखू येत नाही, अशी तिची ख्याती होती. तोंडात बसवला की तो शेजारच्या दातांत असा मिसळून जाई, की खुद्द मालकालाही आपला खोटा कुठला ते जिभेनं चाचपावं लागे.

पैशांच्या बाबतीत मात्र याच पोरीचा हात इतका सैल, की एक तारखेला आलेला पगार दहा तारखेला पाहुण्यासारखा चपला शोधायला लागे. सव्विसाव्या वर्षापर्यंत तिनं हप्त्यांवर बरंच काही कमावलं होतं. एक फोन, समुद्रकाठची एक सहल, तोंडापर्यंत वापरलेलं एक कार्ड आणि एक थरथरणारी आरामखुर्ची. खुर्ची पाठीला मसाज करायची. पण ती ठिणगीच्या भाड्याच्या खोलीच्या दारातून आतच जाईना, म्हणून आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात येऊन बसली होती आणि पँट न्यायला आलेली गिऱ्हाइकं तिच्यावर फुकट थरथरत होती. हप्ते ठिणगीचे.

हे असंच चालत राहिलं असतं. पण वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी लॅबच्या मालकांनी, ज्यांना सगळेच काका म्हणत, ब्रश धुता धुता तिला बाजूला घेतलं.

"माझा भागीदार या वर्षअखेरीला निवृत्त होतोय. त्याच्या जागी तू ये."

ठिणगीच्या चिमट्यातली दाढ सुटून टेबलाखाली गेली.

"भागीदार? मी? काका, माझ्याकडे भांडवल कुठंय?"

"हात आहे. तेवढं पुरे. माझी एकच अट. वर्ष संपेल त्या दिवशी तुझ्या नावावर कुणाचं एका पैशाचं देणं नको. बँकेचं नको, दुकानाचं नको, आत्याचंसुद्धा नको. मागं माझा एक भागीदार होता, तो हप्ते भागवायला गल्ल्यात हात घालायचा. चोर नव्हता गं तो, गांजलेला होता. पण गल्ल्याला त्यातला फरक कळत नाही."

"आणि नाही फिटलं तर?"

"तर समोरच्या लॅबमधला टकलू आहेच. त्याचे दात वाटाण्यासारखे होतात, पण कुणाचं देणं नाही त्याला."

वाटाणा ठिणगीला फार लागला. टेबलाखाली वाकून दाढ शोधताना तिच्या डोळ्यांसमोर टकलूच दिसत होता, तिच्या स्टुलावर बसलेला, तिचे ब्रश चावणारा.

संध्याकाळी ती थेट आत्याकडे गेली. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं शिवणकाम करत होती आणि तिची कात्री आणि जीभ एकाच ठिकाणाहून धार लावून आणल्यासारख्या होत्या. कापड कापताना शिवणीच्या आत जास्तीची पट्टी ठेवतात, तिला शिंपी लोक माया म्हणतात. इतर शिंपी बोटभर माया सोडत, तिथं आत्या दीड बोट सोडायची. "माणूस मापं देताना पोट आत ओढतो," ती म्हणायची. "मला काय, मी श्वास सोडल्यावरचं पोट धरून कापते."

"सांग," आत्यानं मापांच्या वहीचं कोरं पान उघडलं. "एकेक सांग. पोट आत न ओढता."

ठिणगीनं सांगितलं. कार्डाचे अठ्ठेचाळीस हजार. फोनचे सत्तावीस. खुर्चीचे एकवीस. सहलीचे चौदा. आणि मैत्रिणीकडून घेतलेले दहा, जे तिनं उसने आहेत म्हणून कर्जात कधी धरलेच नव्हते. आत्यानं बेरीज केली, दोनदा केली, आणि खाली दोन रेघा मारल्या.

"एक लाख वीस हजार. पोरी, एवढ्यात मी शिलाईची दोन मशिनं घेतली असती."

"तीपण थरथरलीच असती," ठिणगी म्हणाली.

आत्या हसली नाही, म्हणजे हसली, पण वहीत तोंड घालून.

पगार तीस हजार. खोलीभाडं आणि विजेचं बिल मिळून सहा हजार आठशे. दरमहा दहा हजार बाजूला निघाले तर बारा महिन्यांत सुटका. पण निघणार कसे? दहा काढल्यावर वरखर्चाला तेरा हजार दोनशेच उरतात आणि पैसा कुठं जातो हे ठिणगीलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा आत्यानं फर्मान काढलं. ठिणगी जो काही खर्च करेल तो तिनं चिठ्ठीवर लिहायचा, पुढं कारण लिहायचं आणि दर रविवारी सकाळी दुकानात येऊन मोठ्यानं वाचायचा. आत्या वहीत उतरवून घेणार. महिन्याअखेरी वहीत जी शिल्लक दिसेल ती सगळी देणेकऱ्यांना.

"मोठ्यानं कशाला? मी चिठ्ठी देते की."

"मनात वाचलेलं मनातच राहतं. मला कानांनी ऐकायचंय."

पहिल्या रविवारी ठिणगी खुर्चीवर बसून वाचू लागली तेव्हा दुकानात एक वकीलसाहेब पँटची वाट बघत उभे होते.

"सोमवार. केसांच्या पिना, तीस. कारण, जुन्या हरवल्या."

"जुन्या किती होत्या?"

"बारा."

"बाराच्या बारा हरवल्या? डोकं आहे का विहीर?"

"मंगळवार. कॉफी, नव्वद. कारण… खिडकीजवळची जागा रिकामी होती."

"म्हणजे जागेनं बोलावलं."

"बुधवार. झाडाची कुंडी, दोनशे. कारण, झाड घेतलं होतं."

"आणि झाड का घेतलं?"

"कुंडी छान दिसत होती म्हणून."

वकीलसाहेब इतके हसले, की ठिणगीला उठून त्यांना खुर्ची द्यावी लागली. खुर्चीचं बटण दाबलं गेलं आणि ते थरथरत हसत राहिले. पुढच्या रविवारी ते पँट नसताना आले. त्याच्या पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आले. महिन्याभरात रविवारी सकाळी दुकानात पाच-सहा माणसं ठरलेली. कुणी बटण लावायच्या निमित्तानं, कुणी नुसतंच. ठिणगीलाही रंग चढला. बाजारात काही उचलायला हात गेला की तिला रविवार दिसे. कारण काय वाचशील, असा आत्याचा आवाज ऐकू येई आणि हात आपसूक मागं येई. एकदा तर चाळिसाव्या रंगाची नेलपॉलिश तिनं केवळ याचसाठी परत ठेवली, की "कारण, एकोणचाळीसच होत्या" हे वकीलसाहेबांसमोर वाचायची तिची तयारी नव्हती.

पण पहिल्याच आठवड्यात एक भानगड झाली होती. आत्यानं चिठ्ठीची बेरीज बँकेच्या आकड्याशी ताडून पाहिली, तर चारशेचा फरक. ठिणगी लिहायचं विसरली होती. इथं वीस, तिथं पन्नास.

"खोटं नाही बोलले गं आत्या, खरंच आठवलं नाही."

"खोटं बोललीस असं कोण म्हणतंय? पण लहानपणीसुद्धा तू चार बिस्किटं खाऊन तीन सांगायचीस." आत्यानं वही जवळ ओढली. "फोनमधलं ते बँकेचं काढून टाक. तुला आकडा दिसला की तुझा हात सुटतो. इथून पुढं माझी वही हीच तुझी बँक."

ठिणगी मान खाली घालून लॅबमध्ये आली. काका तिच्याशेजारी बसून दात बांधत होते. दात बांधणं म्हणजे पांढरी पूड पाण्यात कालवायची, बारीक ब्रशानं थरावर थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचं. भाजताना तो आकसतो. तेव्हा तो आधीच मोठा बांधावा लागतो, पाचाच्या जागी सहा. नवखा माणूस दात हवा तेवढाच बांधतो आणि भट्टीतून वाटाणा काढतो.

तिनं काकांना चारशेची गोष्ट सांगितली.

"पाच वर्षांत तुझा एक तरी दात छोटा निघाला?"

"एकही नाही."

"कारण भट्टीत काय होणार ते तू आधीच धरतेस. तुझ्या आठवणीची भट्टी तुला ठाऊक नाही का?"

त्या दिवसापासून ठिणगी चिठ्ठीवर प्रत्येक सुटा खर्च पाचाला सहा करून लिहू लागली. पन्नासचा साबण साठ. शंभरची भाजी एकशेवीस. जे विसरेल ते त्यात भरून निघेल, असा हिशोब. आत्याला मात्र तिनं हे सांगितलं नाही. आधीच बिस्किटं निघाली होती, त्यात आता आपली आठवण आकसते हेही कुठं सांगा?

पहिल्या महिन्यात मैत्रिणीचे दहा हजार फिटले. मैत्रीण इतकी चकित झाली, की तिनं नोटा उजेडात धरून पाहिल्या. मग सहल फिटली, मग खुर्ची. खुर्चीचा शेवटचा हप्ता गेला त्या रविवारी वकीलसाहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आत्यानं जाहीर केलं, की यापुढं खुर्चीवर बसायचं तर मालकिणीची परवानगी लागेल. मालकिणीनं सगळ्यांना दिली. आठ महिन्यांत ऐंशी हजार गेले. फोनही फिटला. उरलं एक कार्ड. लॅबमध्ये ठिणगी शीळ घालत दात बांधायची आणि काका टकलूचं नावही काढत नसत.

नवव्या महिन्यात ठिणगीचीच दाढ दुखू लागली.

दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. दातांच्या लॅबमधल्या बाईनं गाल धरून फिरावं यासारखी नामुष्की नाही. तिसऱ्या दिवशी गाल एवढा सुजला, की काकांनी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. दाढ आतून साफ करून, वर टोपी घालून बिल झालं दहा हजार. टोपी तिनं स्वतःच बांधली, तिचे पैसे काकांनी लावले नाहीत, तरीही दहा हजार. बिलाचा कागदच होता, तेव्हा वहीत आकडा तंतोतंत गेला. त्या महिन्यात वहीतली शिल्लक शून्य. कार्डाला काहीच गेलं नाही.

"चाळीस हजार राहिलेत," दहाव्या महिन्याअखेरच्या रविवारी आत्यानं वही मिटली. "हा धरून तीन हप्ते हातात आहेत, म्हणजे तीस. दहा कमी पडतात."

वकीलसाहेब उगाच सदऱ्याचं बटण चाळवू लागले.

"दहा मी देते," आत्या म्हणाली.

"नको. काकांनी तुझं नाव घेऊन सांगितलंय."

"मी उसने देतच नाहीये. भेट देते."

"आत्या, भेट दिलीस तर दात तुझा झाला. मला माझ्या हातचा हवाय." ठिणगीनं हनुवटी वर ठेवली. "चार रविवार पाव आणि भाजीवर काढीन. कुंडी विकीन."

"कुंडी कोण घेणार ती? चल, उद्या बँकेत येते तुझ्याबरोबर. माझे काढते, मग पुढचं पुढं बघू."

आत्याचं 'बघू' म्हणजे ठरलेलं असतं, हे ठिणगीला माहीत होतं. ती रात्रभर मनातल्या मनात नकाराची भाषणं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेल्या. दाराशीच पैसे पाठवायचं मशीन होतं. ठिणगी दर महिन्याला तिथूनच कार्डाचे पैसे पाठवी. मशीन दर वेळी विचारी, शिल्लक पाहायची का, आणि ती दर वेळी डोळे मिटून नाही दाबी. या वेळी तिच्या खांद्यावरून आत्याचं बोट पुढं आलं, सुईनं टोचून टोचून निबर झालेलं, आणि त्यानं होय दाबलं.

"मला बघू दे, हे मशीन माझ्या वहीएवढं हुशार आहे का ते."

पडद्यावर आकडा आला. बेचाळीस हजार आणि वर काही सुटे.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच.

"बिघडलंय," ती म्हणाली. "वहीत दहा हजार आहेत." आणि ठिणगीला काही कळायच्या आत ती खिडकीशी पोचली. खिडकीमागं एक चष्मेवाली मुलगी होती.

"अहो ताई, हिच्या खात्यात दुसऱ्या कुणाचे तरी पैसे आलेत. बत्तीस हजार. ज्याचे असतील त्याला परत द्या, बिचारा शोधत असेल."

मुलीनं आत्याकडे पाहिलं, मग ठिणगीकडे, मग आपल्या शेजारणीकडे. "तुमची तक्रार… पैसे जास्त आहेत, अशी आहे?"

"हो. मी दहा महिने वही लिहितेय. एक पैसा इकडचा तिकडं नाही."

मुलीनं दहा महिन्यांचा उतारा छापून दिला. कुणाचेही पैसे आलेले नव्हते. आला होता तो दरमहाचा पगार, बस. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. आत्याच्या मांडीवर वही, ठिणगीच्या मांडीवर उतारा.

"पाच तारीख, साबण," आत्या वाचू लागली. "सहासष्ट."

"इथं पन्नास आहे."

"सहासष्ट आहे. माझ्या अक्षरात आहे."

"सहासष्ट कसे असतील आत्या? मी तर साठ लिहिले होते!"

आत्यानं हळूच वही मिटली.

"साबण पन्नासला घेतलास, मग साठ का लिहिलेस?"

"आकसतं म्हणून. म्हणजे… मी विसरते ना. ते चारशे गेल्यापासून मी सगळं पाचाला सहा करून लिहिते. दात बांधतो तसं. आणि तू साठचे सहासष्ट का केलेस?"

आत्या पंख्याकडे बघत होती.

"आत्या."

"दहाला अकरा," आत्या पुटपुटली. "त्या चारशेनंतर. बिस्किटं आठवली मला. म्हटलं, ही पोट आत ओढून माप देणार. तेव्हा शिवणीत जरा सोडून ठेवावं."

"म्हणजे दहा महिने तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"होता की. दहाला एकाचाच नव्हता." आत्या आता तिच्याकडे वळली. "तुझा स्वतःवर किती होता ते सांग. तू तर पाचाला एक धरत होतीस. माझ्या दुप्पट."

दहा महिने आपण स्वतःला जेवढी उधळी समजत होतो, त्याहून आत्या आपल्याला कमी उधळी समजत होती. आणि खरी ठिणगी, बँकेच्या कागदावरची, या दोघींच्या ठिणगीपेक्षा शहाणी निघाली होती. तिला एकदम हसू फुटलं. आत्यालाही फुटलं. आत्याचं हसणं शिलाई मशिनासारखं, एकदा पायडल लागलं की थांबायचं नाही. पहारेकऱ्यानं येऊन हळू हसायला सांगितलं. चष्मेवाली मुलगी खिडकीतून वाकून बघत होती, की यांना काय सापडलं.

"दर महिन्याला बत्तीसशे," आत्या डोळे पुसत म्हणाली. "दोन शहाण्या बायका एकमेकींपासून लपवून एकाच पोरीची बचत करत होत्या."

"दोनातली एक तर मीच होते."

"म्हणून तर सांगतेय."

ठिणगी उठली. मशिनासमोर उभी राहून तिनं चाळीस हजार कार्डाला पाठवले. मशीननं विचारलं, शिल्लक पाहायची का. तिनं डोळे उघडे ठेवून होय दाबलं. दोन हजार आणि वर काही सुटे. आकडा दिसला, आणि गंमत म्हणजे तिला काही घ्यावंसं वाटलं नाही. तो तिला आवडला. ती तशीच बघत उभी राहिली, मागं रांग लागेपर्यंत.

वर्ष संपायला दोन महिने असताना तिनं कार्ड बंद केल्याचा कागद काकांच्या टेबलावर ठेवला. काकांनी तो वाचला, उलटा करून पाठ पाहिली आणि भट्टीचं दार उघडून एक नवा भाजलेला दात तिच्या तळहातावर ठेवला.

"बघ बरं, छोटा झालाय का?"

"बरोबर आहे."

"मग पाटीवाल्याला सांगून ये. टकलूला मी काय सांगायचं ते सांगतो."

पुढच्या रविवारी दुकान गच्च भरलं होतं. वकीलसाहेबांनी खुर्ची ठिणगीसाठी रिकामी ठेवली होती, जरी त्यांच्या बायकोनं दोनदा बसून पाहिलं होतं. ठिणगीनं चिठ्ठी उलगडली.

"देणं संपलं, आता काय वाचतेस?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"वाचायची सवय लागलीय. आणि आता साठवायचंय. सोमवार. पाटी रंगवणारा, चारशे. कारण, नाव लिहून घेतलं."

आत्यानं पेन थांबवलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"खरे चारशे, का भट्टीतले?"

"खरे."

"बिस्किटं धरून?"

"बिस्किटं धरून."

आत्यानं ठळक अक्षरात चारशे लिहिले. मग तिचा हात सवयीनं शेजारच्या कोऱ्या जागेत चाळीस लिहायला गेला, कागदाच्या वर क्षणभर थबकला आणि नाक खाजवायला वळला.

"पुढं," आत्या म्हणाली.